चार इंचांचे विमान

गेल्या दिवाळीत अमरावतीजवळच्या भातकुली गावातील एका शेतकऱ्याच्या घरी पुण्याहून एक लहानसे खोके आले. घरात आठवीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याच्या मामाने भाच्यासाठी आणलेली ती भेट होती. खोक्यात एअरफिक्स या जुन्या ब्रिटिश कंपनीचे, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करावयाचे विमान होते. विमानाचे नाव नॅट. ‘१९७१ च्या लढाईतले हेच ते विमान,’ असे सांगून मामा परत गेला.

मुलाने खोके उघडण्यापूर्वीच एक काम उरकून ठेवले. डिसेंबरात तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन व्हावयाचे होते. त्यासाठी त्याने एका पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत पाटी लिहिली: ‘फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंह सेखों यांचे नॅट विमान.’ १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली असता, बाँब पडत असतानाच सेखों यांनी नॅट आकाशात चढविले आणि एकट्याने त्यांच्याशी झुंज देत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र अर्पण करण्यात आले. वायुदलाच्या वाट्यास आलेले ते एकमेव परमवीरचक्र होय. मुलाला हे सारे तोंडपाठ होते.

घरात आणखी एक मनुष्य होता आणि त्याला हे केवळ तोंडपाठ नव्हते. मुलाचे आजोबा, ज्यांना घरात आबाजी म्हणतात, तरुणपणी वायुदलात विमानाच्या सांगाड्याचे फिटर होते. १९७१ साली त्यांची नेमणूक नॅटच्या एका स्क्वाड्रनमध्ये होती. श्रीनगरला ते नव्हते आणि सेखों यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. परंतु त्या विमानाच्या पोटाखाली उताणे पडून त्यांनी वर्षे काढली होती. नोकरी संपवून ते भातकुलीस परतले आणि कापूस-तुरीच्या शेतीत रमले.

खोके उघडले तेव्हा आबाजींनी प्रथम पट्टी मागितली. हा नमुना मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचा आहे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, म्हणून सहा फुटांचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. आबाजींनी पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी धरली, ती चार इंच भरली. चार इंच म्हणजे चोवीस फूट. त्यांनी पट्टी खाली ठेवली, कॉकपिटची दोन आसने बोटांवर घेऊन पाहिली आणि म्हणाले,

“हे आपलं नॅट नोहे, बाबू.”

“काहून नोहे, आबाजी? खोक्यावर त नॅटच लिहेल आहे.”

“खोकं खरं सांगते. वाचणाराची चूक हाय.”

आता हा घोटाळा काय आहे, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. नॅट म्हणजे चिलट. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या इंग्रज रचनाकाराला असे वाटू लागले होते की, लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली आहेत. त्याने फॉलंड या कंपनीत अगदी लहान जेट विमान आखले व ते जुलै १९५५ मध्ये प्रथम उडाले. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे बावीस फूट, लांबी सुमारे एकोणतीस फूट, बसणारा एकच आणि हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या कडेत तीस मिलिमीटरची एकेक तोफ. इंग्लंडच्या वायुदलाने हे लढाऊ विमान आपल्या स्क्वाड्रनांसाठी घेतले नाही. भारताने घेतले. १९५६ साली करार झाला आणि बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात ते तयार होऊ लागले. ३ सप्टेंबर १९६५ रोजी ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबरला टिपल्याचा पराक्रम गाजला आणि या चिलटाला ‘सेबरचा काळ’ अशी ख्याती मिळाली.

इंग्लंडला मात्र याच विमानाची निराळी आवृत्ती हवी होती, ती वैमानिकांना शिकविण्यासाठी. तिच्यात गुरू-शिष्यांची दोन आसने आली, धड लांबले, पंख मोठे होऊन चोवीस फुटांवर गेले आणि तोफा निघाल्या. ‘रेड ॲरोज’ नावाच्या कसरतपटूंच्या तांबड्या ताफ्याने १९६५ पासून १९७९ पर्यंत हीच विमाने उडविली. त्यामुळे जगभरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे नॅट म्हणून जे उभे राहते, ते हे. पुण्याहून आलेल्या खोक्यात तेच होते.

शिकवणी-विमानाचा नमुना म्हणून या संचाची पारख करावयाची, तर निकाल बराच अनुकूल द्यावा लागेल. माप अचूक आहे. भाग थोडे असल्याने नवशिक्याचा धीर सुटत नाही. धडाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये जी फट राहते, ती पुटीने सहज बुजते. साचा जुन्या पद्धतीचा असल्यामुळे अंगावरचे रिव्हेट उठून दिसतात आणि तेथे आबाजींना हसू आवरेना. अर्ध्या मिलिमीटरचा टिपका बहात्तरपट केला की छत्तीस मिलिमीटर होतो. एवढ्या जाडीचे रिव्हेट विमानाला कोणी ठोकीत नाही. कॉकपिटची काचही त्याच हिशेबाने जाड भासते. पण एवढ्या लहान वस्तूत ती याहून पातळ करणे कठीणच. नमुना तीन चाकांवर उभा करताना शेपटीवर बसू पाहतो, म्हणून नाकात वजन घालावे लागते. येथे सायकलचे छर्रे कामी आले.

जोडणीचा गोंद हा खरोखर गोंद नव्हे. तो पॉलिस्टायरीन विरघळवितो आणि दोन भाग एकमेकांत वितळून एकजीव होतात. तो जरा जास्त झाला की बोटाचा ठसा पंखावर कायमचा उमटतो. डाव्या पंखावर तसा एक ठसा आजही आहे.

परंतु हे सारे पुढचे. त्या संध्याकाळी मुलगा फार हिरमुसला. दुसऱ्या दिवशी तो एक तोड घेऊन आला. मागचे आसन कापून काढावे, भोकावर पुटी भरावी, तांबड्याऐवजी चंदेरी रंग द्यावा आणि पंखांवर केशरी, पांढरे व हिरवे असे आपल्या वायुदलाचे वर्तुळ रंगवावे.

“आणि पंख?” आबाजींनी विचारले.

“तिसरा हिस्सा इंचाचा त फरक आहे, आबाजी. प्रदर्शनात कोणाले समजते?”

“मले समजते ना.”

एवढे बोलून ते शेतावर गेले. रागावले मात्र नाहीत. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी नातवाला ओट्यावर बसवून त्या तोफांची हकीगत सांगितली. त्या ऐन वेळी अडत. एक-दोन गोळे सुटत आणि मग बंद. पुढे ‘अजित’ ही सुधारलेली आवृत्ती निघाली, पण नॅटच्या दिवसांत कारागिरांना रात्र रात्र त्या तोफांपाशी बसावे लागे. विमान अंगाने एवढे लहान की आत हात घालावयास जागा नसे. एक पेच काढण्यासाठी आधी चार झाकणे काढावी लागत. या विमानाला तोफाच नाहीत, आणि तरी त्यावर सेखों यांचे नाव लिहिले, तर ते कशाच्या बळावर सहा जणांपुढे गेले असे पाहणाऱ्याने समजावे? एवढेच त्यांनी विचारले. उत्तराची वाट न पाहता ते हात धुण्यास उठले.

मुलाने पाटी फाडली नाही, पालथी घातली.

विमान तांबडेच झाले. रंग पोळ्याच्या वेळी बैलांच्या शिंगांना लावून उरलेला होता. तो फार घट्ट असल्याने पंखांवरच्या बारीक रेषा बुजल्या, हा दोष मान्य केला पाहिजे. त्यातच घरात नुकताच वेचलेला कापूस येऊन पडला होता. ओल्या रंगावर त्याचे तंतू बसले आणि ते चिमट्याने टिपण्यात दोन दिवस गेले. खुणेची चित्रे पाण्यात भिजवून चिकटवावयाची असतात. भातकुलीचा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीच्या पाण्यात भिजविलेले पहिले चित्र वाळले तेव्हा त्याच्याभोवती पांढरी कड धरली. पुढची चित्रे पिण्यासाठी आणलेल्या गोड पाण्यात भिजविली. अशा गोष्टी खोक्यातील सूचनापत्रात असत नाहीत.

प्रदर्शनात ते विमान ठेवले गेले ते नव्या पाटीसह: ‘नॅट, दोन आसनांचे शिकवणी-विमान. आपल्या वैमानिकांनी लढविलेले नॅट याहून लहान होते.’ शेजारी मुलाने जाड कागदातून कापलेली एकआसनी नॅटची आकृती मांडली होती, त्याच मापाची, तोफांच्या जागी पेन्सिलीच्या दोन रेघा ओढलेली. बक्षीस सांडपाण्याच्या एका यंत्राला मिळाले. परीक्षकांपैकी एकाने कागदाची आकृती उचलून विमानाच्या पंखांवर ठेवून पाहिली, एवढे मुलाने घरी आल्यावर दोनदा सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी आबाजींनी सुतळी, चार खुंट्या आणि चुन्याचे घमेले काढले. घरापुढच्या अंगणात त्यांनी मधोमध एकोणतीस फुटांची रेघ आखली, मग बावीस फुटांचे पंख आणि मागे शेपटी. सारे विमान तुळशीवृंदावन व गोठा यांच्या दरम्यान मावले. नाकाजवळ त्यांनी कॉकपिटची लंबगोल रेघ काढली आणि नातवाला आत बसावयास सांगितले. मुलगा मांडी घालून बसला. त्याचे दोन्ही गुडघे चुन्याच्या रेघेला लागले.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच,” आबाजी म्हणाले आणि पंखावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.