नाचाच्या मांडवात ‘नको’ म्हणण्याची रीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी नवा पदार्थ सांगते, कोणी यात्रेचे वर्णन करते. मी टँगो नावाच्या परदेशी नाचावर बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. पण गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दांडियात जे झाले, त्याच्याशी या नाचाचा संबंध आहे. तो शेवटी सांगते.

माझी थोरली मुलगी पुण्यात नोकरीला आहे. दोन वर्षांमागे तिने हा नाच शिकायला सुरुवात केली. स्त्री-पुरुष एकमेकांना मिठीत धरून नाचतात हे कळले, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. ती म्हणाली, “आई, एकदा येऊन बघ, मग काय बोलायचं ते बोल.” म्हणून मी गेले. मांडीवर पर्स घेऊन संध्याकाळभर भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. तिकडचे शब्द तिने मला देवनागरीत चिठ्ठीवर लिहून दिले आहेत, ते वाचून दाखवते. उच्चार चुकले तर हसा, पण हळू हसा.

हा नाच मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आर्जेंटिनाचे ब्वेनोस आयरेस आणि उरुग्वेचे मोंतेविदेओ ही दोन बंदरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोटासाठी युरोपातून आलेली माणसे आणि तिथले आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या वस्त्यांतून तो वाढला. 2009 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. आपल्या गुजराती भगिनींचा गरबा त्या यादीत 2023 साली आला.

नाचाच्या मेळाव्याला मिलोंगा म्हणतात. तिथे मला पहिले नवल वाटले ते बोलावण्याचे. पुरुष उठून बाईसमोर जाऊन हात पुढे करत नाही. लांबूनच बघतो. तिलाही नाचायचे असेल तर ती त्याच्याकडे बघते. मग तो मान किंचित हलवतो, तीही हलवते, आणि तेव्हाच तो उठून तिच्या खुर्चीशी येतो. या मान हलवण्याला कबेसेओ म्हणतात. तिला नको असेल तर ती दुसरीकडे बघते, संपले. चारचौघांत त्याचा अपमान नाही, आणि तिला सबब शोधावी लागत नाही. आपल्याकडे नजरेने बोलणे म्हटले की नाटकातला शृंगारच आठवतो. इथे ते नकारासाठी इतके कामी येते हे मला पटायला वेळ लागला. बायकाही बायकांना बोलावतात, आणि बाईने पुरुषाला खुणावले तरी आजकाल कोणी भुवई उंचावत नाही.

गाणी तीन-चारच्या गटाने वाजतात. त्या गटाला तांदा म्हणतात. एका जोडीदाराबरोबर एक तांदा नाचायचा, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटे. मग मध्ये वेगळ्याच संगीताचा तुकडा वाजतो, त्याचे नाव कोर्तिना, म्हणजे पडदा. पडदा पडला की सगळे मैदान मोकळे. पुरुष बाईला तिच्या जागेपर्यंत सोडून येतो.

सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, मधूनच कोणी पुढे घुसत नाही. बाईची पावले बरेचदा मागे पडत असतात. तिच्या पाठीमागे कोण आहे ते बघण्याची जबाबदारी तिला धरणाऱ्याची. गर्दीत पाय उंच उडवायचा नाही, कारण त्या टाचा दुसऱ्याच्या पोटरीत घुसतात. नाचता नाचता जोडीदाराला शिकवायला जायचे नाही. आणि घाम फार येणारे पुरुष बदलायला शर्ट घेऊन येतात, हे आपल्या लग्नाच्या वरातींनी घेण्यासारखे आहे!

मिठी किती जवळची, हे बाईने ठरवायचे, असा संकेत आहे. ती अंतर ठेवून उभी राहिली तर त्याने ओढून घ्यायचे नाही. मी बघत होते; खरेच बहुतेक जण तसेच वागत होते. मी घरी येऊन यजमानांना सांगितले, “पोरगी चांगल्या ठिकाणी आहे.”

पण रीत आहे म्हणून सगळे ती पाळतातच असे नाही. चार महिन्यांनी मुलगी घरी आली ती गप्प गप्प. रात्री भांडी पुसताना बोलली. एक जुना, नावाजलेला नाचणारा. त्याने तिला आवळून धरले, ती मागे सरली तर पुन्हा ओढले, हात नको तिथे गेला. तिने चारही गाणी सोसली, कारण तांदा अर्धवट सोडून जाणे तिकडे फार अपमानाचे मानतात. मी लगेच म्हणाले, “तरी मी सांगत होते. सोड ते.” तिने फडके खाली ठेवले. “आई, चुकला तो, आणि सोडायचं मी?”

मला उत्तर सुचले नाही. कारण हेच वाक्य माझ्या आईने मला ऐकवले होते. मी दहावीच्या वयाची असेन. गरब्याच्या मैदानात एकाने माझे मनगट धरले आणि सोडेना. घरी सांगितले, तर आई म्हणाली, पुढच्या वर्षी जायचे नाही. मी गेले नाही. तो मात्र पुढची कित्येक वर्षे तिथेच खेळत होता. आमच्या गॅलरीतून दिसायचा.

मुलीने सोडले नाही. ज्यांनी मेळावा भरवला होता त्यांना तिने सांगितले. तेव्हा आणखी दोघीजणी पुढे आल्या, त्यांचाही तोच अनुभव. त्याला यायला बंदी झाली. आणि शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या वर्गाला उभे करून सांगितले की ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, हा शब्द पहिल्या गाण्याच्या मध्येही म्हणता येतो. म्हणायचा आणि खुर्चीवर येऊन बसायचे. कारण द्यायचे नाही.

खुद्द ब्वेनोस आयरेसमध्येही हे भांडण झाले आहे. 2015 साली तिथे बायकांवरच्या अत्याचारांविरुद्ध ‘नी उना मेनोस’, म्हणजे ‘एकही कमी नको’, अशी मोठी चळवळ उठली. त्यानंतर टँगो नाचणाऱ्या बायकाही एकत्र आल्या आणि मिलोंग्यात कोणी त्रास दिला तर भरवणाऱ्यांनी काय करावे याची नियमावली त्यांनी लिहून काढली. म्हणजे ज्यांच्या घरचा नाच, त्यांनाही नुसत्या नजरेच्या रीतीवर भागले नाही.

मंगळागौरीत फुगडी घालताना एकीला चक्कर आली की ती “पुरे गं” म्हणते, आणि दुसरी वेग कमी करते. हात सोडून देत नाही, आणि ओढतही नाही. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. मग मांडवात पुरुष आले की आपले “पुरे” कुठे जाते?

आता गेल्या वर्षीचे. आठव्या माळेला, अकराच्या सुमारास, आपल्याच गल्लीतली एक मुलगी रडत कार्यकारिणीच्या टेबलाशी आली. बाहेरचा एक माणूस वारंवार तिच्या रिंगणात शिरून पाठीवर हात ठेवत होता. आपण काय केले? तिला पाणी दिले, आणि तिच्या मावशीबरोबर रिक्षाने घरी धाडले. कार्यक्रमाला गालबोट नको म्हणून. तो माणूस आरती होईपर्यंत खेळला, आणि प्रसादही घेऊन गेला. ठरवणाऱ्या चौघींत मी होते. रिक्षात मीच तिला बसवले, आणि “उद्या येऊ नकोस, बरं का” हेही मीच म्हणाले. माझ्या आईचा आवाज माझ्या तोंडून निघाला.

आपण दरवर्षी माईकवरून सांगतो, टिपऱ्या खांद्याच्या वर नेऊ नका, लहान मुलांना मध्ये सोडू नका. हातांविषयी काही सांगत नाही. यंदा सांगावे. कोणाचा हात कोणाला नको असेल तर खेळ थांबवता येईल, आणि बाहेर जाईल तो त्रास देणारा. ऐकले नाही तर 112 वर फोन करायचा. आपल्या शेजारच्या वकीलबाईंनी सांगितले की नकोसा स्पर्श हा कायद्याने गुन्हाच आहे, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो आहे.

परवा मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले. आत शिरताना पाय जड झाले होते. मुलगी बाहेर आली नाही. तिच्या आईने चहा दिला आणि म्हणाली, “बघू, तिला वाटलं तर येईल.” मी आतल्या दाराकडे तोंड करून, तिला ऐकू जाईल असे, चुकले म्हणून सांगितले.

नऊही रात्री रिंगणाशी दोघी बायकांनी बिल्ला लावून उभे राहायचे, खेळायचे नाही, असे मी सुचवले आहे. माझे नाव चिटणीसबाईंनी लिहून घेतले आहे. दुसरे नाव अजून मिळालेले नाही. चहापाण्याच्या वेळी वही टेबलावर असेल.