घरचा खेळ आणि दारचे यंत्र

घरात चूल पेटलेली असताना खानावळीचे ताट कोणी मागवीत नाही आणि अंगणात विहीर असताना विकतचे पाणी आणणाराला कोणी शहाणा म्हणत नाही. व्यवहाराचा नियम असा सरळ आहे. परंतु संग्राहकांचे जग या नियमाने चालत नाही. अमेरिकेत, युरोपात आणि जपानात आज असा एक हौशी वर्ग आहे की, जो खेळ घरातल्या दूरचित्रवाणी संचाला एक लहानशी पेटी जोडून सुखाने खेळता येतो, तोच खेळ खेळण्यासाठी तो माणसाच्या उंचीचे, दोघातिघांनी मिळून उचलावे लागणारे, चाळीस वर्षांपूर्वीचे एक जुने कपाट विकत घेतो. ते ठेवायला घरात एक कोपरा रिकामा करतो, त्याच्या दुरुस्तीवर सुट्टीचे दिवस घालवितो, आणि शेजाऱ्याने "हाच खेळ त्या पेटीत नव्हता का?" असे विचारले की नुसता हसतो. त्या हसण्यामागे काय आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम ही यंत्रे जन्मास कशी आली ते पाहिले पाहिजे. नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांची दालने, ज्यांना तिकडे आर्केड म्हणतात, ती अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून भरभराटीस आली. त्यांच्याबरोबर घरी खेळावयाच्या यंत्रांचाही बाजार वाढला. पण १९८३ साली तो अमेरिकेत कोसळला. सुमार खेळांचा सुळसुळाट झाला, माल पडून राहिला, आणि दुकानदारांनी घरगुती खेळयंत्राचे नावही नको असे ठरविले. नेमक्या त्याच वर्षी, जुलै महिन्यात, जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने फॅमिली कॉम्प्युटर हे आपले घरगुती यंत्र बाजारात आणले आणि ते तेथे फार लोकप्रिय झाले. ते अमेरिकेत न्यावयाचे तर पुढचे दार बंद होते. तेव्हा कंपनीने बाजूचे दार शोधले. हे बाजूचे दार म्हणजे आर्केड. १९८४ साली तिने व्हीएस सिस्टिम या नावाने, घरगुती यंत्राच्याच धर्तीचे अंतरंग असलेली नाण्याची यंत्रे तेथे ठेवली. पुढच्या वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्क शहरात घरगुती यंत्राची मर्यादित विक्री सुरू झाली. आणि १९८६ साली प्लेचॉइस-१० हे यंत्र आले. आजच्या संग्राहकांच्या हौसेच्या मध्यभागी बहुधा तेच उभे असते.

व्हीएस सिस्टिममधील खेळ नाण्याच्या हिशोबाने बदललेले, पुष्कळदा अधिक कठीण केलेले असत. प्लेचॉइस-१० ची गोष्ट निराळी होती. त्यात घरगुती खेळ जसेच्या तसे होते. कपाटाच्या पोटात दहा खाचा असत आणि मालकाने निवडलेले दहा खेळ त्यांत बसविता येत. या यंत्रासाठी पन्नासाहून अधिक खेळ निघाले. त्याच्या मूळ उभ्या नमुन्यात एकावर एक असे दोन पडदे होते. खालच्या पडद्यावर खेळ चाले. वरच्या पडद्यावर खेळांची यादी, खेळण्याच्या सूचना, एखादी युक्ती आणि उरलेला वेळ दिसे. हा उरलेला वेळ हेच या यंत्राचे खरे वैशिष्ट्य होते. कारण इतर यंत्रांत नाणे टाकले की खेळाडूला काही 'जीव' मिळत. ते संपले की खेळ संपला. तेथे निष्णात मुलगा एका नाण्यावर बराच वेळ उभा राही आणि नवखा दोन मिनिटांत बाजूला होई. प्लेचॉइसमध्ये नाण्याने जीव नव्हे, वेळ विकत मिळे. तासाच्या बोलीने मिळणारी भाड्याची सायकल ज्यांनी चालविली आहे, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पडा, धडपडा, पुन्हा चढा. घड्याळ मात्र थांबत नाही. वेळ शिल्लक असेल तर एक खेळ सोडून दुसरा धरण्याचीही मुभा होती.

या व्यवस्थेत सर्वांचेच हित साधले होते. घरगुती खेळ मुळातच दीर्घकाळ खेळण्यासाठी रचलेले. ते जिवांच्या हिशोबाने दिले असते, तर दालनाच्या मालकाचे दिवाळे निघाले असते. वेळेच्या हिशोबाने त्याची मिळकत निश्चित झाली, शिवाय एका कपाटाच्या जागेत दहा खेळ मावले. कंपनीला जाहिरात मिळाली, आणि तीही अशी की जिचे पैसे पाहणारानेच द्यावेत. मुलांना घरी घेण्याआधी खेळाची चव पाहता आली. सुपर मारिओ ब्रदर्स ३ हा गाजलेला खेळ अमेरिकेत घरगुती यंत्रासाठी १९९० च्या फेब्रुवारीत आला. पण तेथील पुष्कळ मुलांना त्याचे पहिले दर्शन प्लेचॉइसच्या पडद्यावरच घडले होते.

हाच मार्ग इतरांनीही चोखाळला. सेगा कंपनीच्या मेगा-टेक या यंत्रात आठ खेळ बसत आणि तेथेही नाण्याने वेळच विकत मिळे. निन्टेंडोने आपल्या पुढच्या पिढीच्या घरगुती यंत्रासाठी १९९१ साली तीन खेळांचे सुपर सिस्टिम आणले. जपानमधील एसएनके या कंपनीने तर १९९० साली घर आणि दार यांतला उंबरठाच जवळजवळ पुसून टाकला. तिच्या निओ-जिओ या योजनेत आर्केडच्या कपाटात आणि घरच्या पेटीत एकच खेळ असे. इतकेच नव्हे, तर एक लहानसे स्मरणपत्र खिशात घालून दालनात अर्धवट सोडलेला खेळ घरी पुढे चालू करता येई. घरचे ते यंत्र मात्र अमेरिकेत साडेसहाशे डॉलरच्या घरात होते. सामान्य कुटुंबाला ते दुकानाच्या काचेतूनच पाहावे लागे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. संग्राहक हे कपाट का घेतो? पहिले उत्तर अर्थातच आठवणीचे आहे. परंतु आठवण या एका शब्दाने फारसे काही उलगडत नाही. ज्या मुलाच्या घरी खेळयंत्र होते, त्याची आठवण पेटीशी निगडित आहे; तो मोठा झाल्यावर पेटीच शोधतो. कपाटाचा शोध पुष्कळदा तो घेतो, ज्याच्या घरी पेटी नव्हती. त्याच्या वाट्याला खिशातील दोन-चार नाणी आणि वरच्या पडद्यावर उतरत जाणारे आकडे आले होते. खेळ त्याने पाहिला, पण कधी पुरा केला नाही. कारण खेळ संपण्याआधी नेहमी वेळ संपे. भारतातील अनेक शहरांतून १९९० च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला खेळाची पेटी जोडून अर्ध्या तासाच्या दराने मुलांना खेळू देणारी लहान दुकाने होती. त्या दुकानाच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहिलेल्यांना त्या परदेशी मुलाची चुटपुट सहज कळेल. अशा मनुष्याने चाळीस वर्षांनी ते कपाट घरी आणले, म्हणजे त्याने खेळ विकत घेतला असे नव्हे. अपुरा राहिलेला वेळ विकत घेतला. काही जण नाणे न टाकताही यंत्र चालावे अशी जोडणी करून घेतात. काही जण मात्र मुद्दाम नाण्याची वाटी कपाटावर ठेवतात आणि पाहुण्यांच्या मुलांनाही नाणे टाकूनच खेळावयास लावतात. घड्याळाचा धाक नसेल तर त्या खेळातले अर्धे मीठच नाहीसे होते, असे त्यांचे म्हणणे असते.

दुसरे उत्तर चित्राचे आहे आणि ते भावनेवर अवलंबून नाही. घरगुती यंत्रातील चित्र निर्माण करणारा भाग सगळे रंग एकाच तारेतून मिसळून पाठवी. त्यामुळे दूरचित्रवाणीवर कडा पुसट होत आणि रंग एकमेकांत ओघळत. प्लेचॉइसमधील तोच भाग लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी पाठवितो. त्यामुळे तेथील चित्र अत्यंत रेखीव दिसते. म्हणजे ज्याने बालपणी हा खेळ दालनात पाहून मग घरी नेला, त्याला घरी काहीतरी कमी दिसत होते, आणि तो त्याचा भ्रम नव्हता. यात काचेच्या जुन्या चित्रनळीचाही वाटा आहे. हे खेळ त्या नळीसाठीच रचलेले होते. डक हंट या खेळात बंदूक पडद्यावर रोखून पक्षी टिपावयाचे असतात. ती बंदूक नळीतून उमटणारा प्रकाश नेमक्या क्षणी टिपते. आजच्या सपाट पडद्यासमोर ती मूळ बंदूक आंधळी होते. चित्रनळ्यांचे उत्पादन आता जवळजवळ थांबले आहे. म्हणून चालू नळी असलेले एक कपाट म्हणजे केवळ जुनी वस्तू नव्हे. तो खेळ मूळ स्वरूपात पाहण्याच्या उरलेल्या थोड्या खिडक्यांपैकी ती एक खिडकी आहे.

तिसरे उत्तर जागेचे आणि पैशाचे आहे. एकाच खेळासाठी बांधलेली प्रसिद्ध यंत्रे संग्राहकाला घ्यावयाची म्हटली, तर दहा खेळांना दहा कपाटे लागतील आणि कुटुंबातील मंडळींना अंगणात झोपावे लागेल. येथे एका कपाटात दहा खेळ बसतात. निओ-जिओच्या बाबतीत तर नवल असे की, पुष्कळ खेळांच्या घरगुती प्रती आज दुर्मीळ आणि महाग झाल्या आहेत आणि त्याच खेळाची आर्केडची प्रत त्या मानाने स्वस्त पडते. जे एकेकाळी श्रीमंताच्या दिवाणखान्यात होते, ते आज दालनाच्या यंत्राच्या द्वारे मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात येते.

तथापि या हौसेला एक दुःखद बाजूही आहे, आणि तिच्यामुळेच हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही. प्लेचॉइसमधील चित्र रेखीव आहे हे कळताच काहींनी त्यातील तो मौल्यवान भाग उपटून आपल्या घरगुती पेटीत बसविण्यास आरंभ केला. पेटीचे चित्र सुधारले, पण त्यासाठी एक यंत्रफलक कायमचा मुका झाला. देवळातील दिवा काढून आणून घर उजळावे, तसा हा प्रकार. पुढे २०१० च्या दशकात मूळ भाग न उपटता घरगुती पेटीतूनच तीन रंग वेगळे काढणारी जोडफलके निघाली आणि या मोडतोडीची गरज उरली नाही. परंतु तोवर जे फलक गेले ते गेलेच. दुसरीकडे रिकामी कपाटे घेऊन त्यांतील सर्व अवयव फेकून, आतमध्ये एक आधुनिक संगणक आणि सपाट पडदा बसविण्याची चाल आहेच. बाहेरून कपाट तसेच दिसते. आत मात्र कोणीतरी दुसरेच राहत असते.

यावर असे म्हटले जाईल की खेळ तर आज्ञावलीत आहे. तिची प्रत कोठेही चालविता येते, मग लाकूड आणि काच कशाला जपावयाची? या आक्षेपाला प्लेचॉइसच्या खेळफलकातच उत्तर आहे. त्या प्रत्येक फलकावर मूळ खेळाबरोबर आणखी एक लहानशी स्मृती असते. वरच्या पडद्यावरील सूचना आणि युक्त्या तीत साठविलेल्या असतात. हा मजकूर घरगुती प्रतीत मुळीच नाही. त्याचीही प्रत संगणकावर उतरविता येते आणि तशी ती उतरविली गेलीही आहे. पण दोन पडद्यांमध्ये मान वरखाली करणारे मूल, नाण्याचा आवाज, मागे उभा राहून "डावीकडे उडी मार" असे सांगणारा अनोळखी मित्र, आणि घटत जाणारे आकडे, हे सारे मिळून जो खेळ होतो, त्याची प्रत काढता येत नाही. पोथीतील मजकूर छापता आला, म्हणून पोथी टाकून द्यावी असे कोणी म्हणत नाही.

म्हणूनच खरा संग्राहक मालकापेक्षा राखणदार अधिक असतो. त्याला पुष्कळ शिकावे लागते. यंत्र बंद केल्यावरही चित्रनळीत प्राणघातक दाबाची वीज राहू शकते, म्हणून हात घालण्यापूर्वी ती रीतसर उतरवावी लागते. निओ-जिओच्या फलकावरील जुनी विद्युत्‌घटिका कालांतराने पाझरते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती वेळीच काढली नाही तर सबंध फलक हातचा जातो. प्लेचॉइसची मूळ चित्रनळी बिघडली आणि तिच्या जागी साधी दुसरी बसविली, तर सर्व रंग उलटे, छायाचित्राच्या काचेवरील प्रतिमेसारखे दिसू लागतात. कारण या कपाटांतील रंगांचा संकेतच उलटा आहे. तो सुलटा करणारे लहानसे मंडल मध्ये जोडावे लागते. असे शेकडो बारकावे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात आणि त्यांच्याबरोबर एका काळाचे कारागिरीचे ज्ञानही जगत राहते.

तेव्हा घरी चूल असताना खानावळीचे ताट मागविणारा हा मनुष्य वाटतो तितका वेडा नाही. अन्न तेच असले तरी पंगत वेगळी होती, हे त्याला ठाऊक आहे. ती पंगत पुन्हा बसविता येत नाही; परंतु तिचा पाट तरी मोडून सरपणात जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असते. संध्याकाळी तो कळ दाबतो, दोन्ही पडदे हळूहळू उजळतात, नाणे खणखणत आत पडते आणि वरचे आकडे उतरू लागतात. त्याच्या शेजारी त्याचा नातू उभा असतो. या वेळी मात्र वाटीत नाणी पुष्कळ असतात.