तळ्याकांठचा स्वस्त उतारा

मुंबई-पुण्याकडील घरांत मोरगांव म्हटलें कीं मयूरेश्वराचें स्मरण होतें. गोंदिया जिल्ह्यांतील मोरगांव सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याच्या मागें अर्जुनी हें नांव जोडण्याची सोयही मोठी आहे, कारण त्याच जिल्ह्यांत सडक अर्जुनी म्हणून दुसरें गांव आहे. तें हमरस्त्यावर, तर अर्जुनी मोरगांव गोंदिया-नागभीड लोहमार्गावर. हा भेद न पाहतां निघालेला प्रवासी सायंकाळीं भलत्याच गांवीं उतरतो, आणि स्वस्त मुक्कामाचा सारा हिशेब पहिल्याच दिवशीं गाडीभाड्यांत बुडतो.

या तालुक्यांतील जुनें स्थळ म्हणजे नवेगांव बांध. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें डोंगरांच्या कुशींत पाणी अडवून येथील विस्तीर्ण तलाव निर्माण केला, असें परंपरा सांगते. भोंवतालच्या सात शिखरांस लोक सातबहिणी म्हणतात, आणि तलाव बांधणारा पाटील कोलासुर देव म्हणून पूजिला जातो. किल्ले बांधणारांस इतिहासांत जागा मिळते. पाणी अडविणाऱ्यास येथें देवपण मिळालें, आणि तें अधिक योग्यच म्हटलें पाहिजे. पुढें १९५१ सालीं मालगुजारी संपली, १९७५ सालीं लगतचें अरण्य राष्ट्रीय उद्यान झालें आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें हें अरण्य अनेक मराठी घरांत पोंचलें.

पूर्वीं खेड्यांत आलेला परका मनुष्य पाटलाच्या ओसरीवर वा देवळाच्या मंडपांत निजे, आणि पैशाचा प्रश्न निघत नसे. आतां प्रवासी खोली भाड्यानें घेतो, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु खर्चिक विश्रामस्थानांतच वनदर्शन होतें ही समजूत रूढ झाली, तर मास्तराच्या किंवा कारकुनाच्या मुलांनीं आपल्याच प्रांतांतील तळें पुस्तकांतच पाहावयाचें काय? साधी खोली, स्वच्छ चादर, मच्छरदाणी आणि उकळलेलें पाणी एवढें मिळालें तर चार माणसांचें कुटुंब दोन रात्री सुखानें काढतें. भाताचा व तलावांचा हा मुलूख. मच्छरदाणी नसेल तर भिंतीवरील चित्रें कितीही सुंदर असलीं तरी तीं व्यर्थ होत.

म्हणून खोली पाहूनच आगाऊ रक्कम द्यावी. नळ सोडून पाहावा, दाराची कडी लावून पाहावी, जेवणाचा दर आधींच विचारावा. घासाघीस मात्र बेतानें करावी. पावसाळ्यांत पाहुणे विरळ, हिंवाळ्यांत थोडे दिवस वर्दळ, अशी ही मिळकत असते. भाड्यांतून ओढून घेतलेला रुपया अखेर चादरीच्या धुलाईंतूनच वजा होतो. शिवाय ज्या गांवकऱ्यास अरण्य राखण्याच्या नियमांनीं गुरें चारणें वा सरपण आणणें अवघड झालें, त्याच्या घरीं त्याच अरण्यामुळें दोन पैसे आले, तर तें राखावें असें त्यासही वाटेल. मोठ्या शहरांतील मालकाच्या उपाहारगृहास दिलेल्या पैशानें हें होत नाहीं.

महाशिवरात्रीस प्रतापगडची यात्रा असते. त्या सुमारास अगोदर ठरविल्यावांचून निघूं नये. गोठणगांवजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तीही वाटेंत पाहतां येते. मुख्य वेळ मात्र तळ्यासच द्यावा. दूर देशींचे पक्षी हिंवाळ्यांत तेथें उतरतात, आणि त्यांस पाहावयाचें तर उजाडण्यापूर्वीं निघावें लागतें. घरधन्यास तें रात्रींच सांगून ठेवावें, म्हणजे पहांटे चहा मिळतो आणि फाटकाची कडीही उघडी असते.