शुश्रूषा सुरक्षित आहे, हे कोणी ठरवायचे?

(वनवासी क्षेत्रात सेवेसाठी जाणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी आपल्याला न्यूझीलंडला घेऊन जाणार आहे. दुर्गम भागातील सेवेविषयी बोलताना इतक्या दूरचे उदाहरण कशासाठी, असे कोणाला वाटेल. परंतु जो प्रश्न आपल्याला उद्या पाड्यावर पडणार आहे, तो तेथील एका विद्यार्थिनीने 1988 साली विचारून ठेवला आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी. 1840 साली वाइतांगी येथे इंग्रजांनी त्यांच्या प्रमुखांशी करार केला. पुढे जमिनी गेल्या, भाषा मागे पडली. 1907 साली तर ‘तोहुंगा’ म्हणजे त्यांचे परंपरागत जाणते वैद्य आणि पुरोहित यांच्यावर बंदी घालणारा कायदा झाला. तो रद्द व्हायला 1962 साल उजाडावे लागले. याच काळात आकेनेही हेइ नावाची एक माओरी तरुणी परिचारिका झाली. आपल्या लोकांमध्ये विषमज्वराच्या रुग्णांची शुश्रूषा करताना तिलाही तो ज्वर झाला आणि 1910 साली ती गेली. सेवेला सीमा नसते हे खरे. पण अशी माणसे फार थोडी होती. बहुसंख्य माओरींना रुग्णालय परकेच राहिले.

1988 साली क्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिका आणि विद्यार्थिनी एकत्र जमल्या होत्या. कायद्याच्या सुरक्षिततेची, औषधोपचारातील सुरक्षिततेची चर्चा चालू असताना पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, मग आमच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिका-अध्यापिकेने तो प्रश्न उचलला आणि 2003 साली मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. 1992 साली तेथील परिचर्या परिषदेने हा विषय परिचारिकांच्या शिक्षणात अनिवार्य केला. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली, 1995 साली संसदीय समितीने चौकशीही केली. पण विषय अभ्यासक्रमात टिकला.

रॅम्सडेन यांचे म्हणणे नीट समजून घ्यायला हवे, कारण येथेच आपला घोटाळा होतो. आपल्याला वाटते, वनवासी बांधवांच्या चालीरीतींची यादी पाठ केली की काम झाले. त्या नेमके याच्या उलट सांगत. परिचारिकेने प्रथम स्वतःकडे पाहावे. स्वतःच्या संस्कारांकडे, पूर्वग्रहांकडे, हातातल्या अधिकाराकडे. आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे परिचारिकेने नव्हे, ती सेवा घेणाऱ्याने ठरवावे.

माओरींच्या लेखी डोके पवित्र. डोक्याखालची उशी पायाखाली घेणे त्यांना अपमानास्पद वाटते. रुग्णालयात हे नकळत होत असे. न्यूझीलंडमधील कित्येक रुग्णालयांत आता डोक्याच्या आणि पायाच्या उशा वेगळ्या असतात. खर्च किती? जवळपास काहीच नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या काळजाला भिडेल. माओरी भाषेत भूमीला ‘फेनुआ’ म्हणतात आणि बाळंतपणातील वारेलाही ‘फेनुआ’च म्हणतात. वार आपल्या कुळाच्या भूमीत पुरायची, ही त्यांची रीत. रुग्णालये मात्र ती कचरा म्हणून नष्ट करीत. ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातील दुःख समजावून सांगावे लागू नये. आज तेथे आईला विचारले जाते आणि तिची इच्छा असेल तर वार तिच्या स्वाधीन केली जाते.

मेसन ड्युरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञाने आरोग्याला घराची उपमा दिली. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक शक्ती या त्या घराच्या चार भिंती. आपण तीनच धरतो, किंबहुना एकच.

आता घराकडे वळू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’चे काम सुरू केले. लोक रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीचे भय वाटते, नातेवाइकांना जवळ राहता येत नाही, आणि डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही तर प्रेत पांढऱ्या कापडात गुंडाळतो, अशी उत्तरे आली. मग रुग्णालय गावासारखे, झोपड्यांचे उभे राहिले. नातलगांना राहायला जागा झाली आणि रुग्णालयाला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणाऱ्या सेवेवर आपण नेहमीच टीका करत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. मग वनवासी रुग्णाच्या गळ्यातील ताईत पाहून हसणारी, त्याच्या देवाला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणारी, ‘तुम्हा लोकांना कळत नाही’ असे सुनावणारी आपल्याच घरातली परिचारिका वेगळे काय करते? ‘आपलेच बंधू’ म्हणायचे आणि एकेरीत हाक मारायची, ही आत्मीयता नव्हे.

याचा अर्थ भगत सांगेल ते सारे मान्य करायचे, असा नाही. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने चटके देण्याची प्रथा आहे. ती थांबलीच पाहिजे. बाळ धापा टाकत असेल तर ताबडतोब उपचार हवेत, तेथे तडजोड नाही. मात्र चटके देऊन आणलेल्या बाळाच्या आईला तुम्ही चारचौघांत फटकारले, तर पुढच्या बाळाला ती तुमच्याकडे आणणारच नाही. आजीला शेजारी बसवा. तिनेही ते बाळाच्या मायेपोटीच केले आहे, हे धरून बोला. भगतालाही विश्वासात घ्या. तोच उद्या रुग्णाला तुमच्याकडे पाठवील.

आपण ज्या केंद्रांवर जाणार आहात, तेथे एक वही ठेवा. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या बोलीत, माडिया असो, गोंडी असो, कोरकू असो, विचारा की येथे कशाचा संकोच वाटला. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि महिन्याच्या बैठकीत औषधांच्या हिशेबाआधी ती वही वाचा.