पुलावरील आकडा आणि दारातील पाणी

पावसाळ्यात कृष्णाकाठी पहिला प्रश्न असतो तो ‘पाणी किती फुटांवर?’ हा. सांगलीत त्याचे उत्तर १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल देतो. तेथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले; २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही वर चढले.

तथापि हा आकडा पुलापुरता. पाणी कोणाच्या दारात शिरेल हे जाणण्यासाठी काठच्या जमिनीची उंची मोजून पुलावरील पट्टीशी तिची सांगड घालावी लागते. पुराचे पाणीही सपाट नसते. प्रवाहाबरोबर ते उतरत जाते. तो उतार हिशेबात घेऊनच पूररेषा आखावयाची असते.

शिवाय समान उंची म्हणजे समान पूर नव्हे. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेस मिळते. वारणा भरून आली की कृष्णेचे पाणी मागे तुंबते, आणि प्रवाह तितका नसतानाही पट्टीवर चढते.

मला तर कमाल उंचीपेक्षा काळाची नोंद अधिक मोलाची वाटते. भिंत एक दिवस पाण्यात राहणे निराळे, आठवडाभर राहणे निराळे. मातीच्या घराचे तर विचारावयासच नको. तासातासाच्या नोंदींवरून पाणी कोठे किती काळ टिकले, हे नकाशात रंगांनी दाखविता येते. निरनिराळ्या वर्षांचे असे नकाशे शेजारी ठेवले, म्हणजे २००५ साली कोरडी राहिलेली कोणती गल्ली २०१९ मध्ये बुडाली हे कळते; आणि सूर्यवंशी प्लॉटासारख्या सखल वस्तीतील कोणत्या घरांनी ४५ या आकड्याची वाट पाहत बसू नये, हेही.