फायलीवरची वेळ कोणत्या गावची?

बंगळूरच्या मराठी घरांत कॉम्प्युटरवर पोट असलेला एक तरी माणूस सापडतोच, म्हणून हा विषय इथे मांडताना संकोच वाटत नाही. फाइल शेवटची कधी बदलली, याची वेळ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. ती वेळ कुठल्या गावची?

डॉसच्या जमान्यातली ‘फॅट’ पद्धत आजही अनेक पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांत आहे. ती घड्याळात दिसते तेच लिहून ठेवते. मोजणी १९८० पासून, तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने. आणि घड्याळ कोणत्या देशातले, हे लिहायला जागाच नाही. युनिक्सने वेगळा रस्ता धरला. १ जानेवारी १९७० रोजी, जागतिक वेळेनुसार म्हणजे यूटीसीनुसार मध्यरात्र झाली, तिथपासून किती सेकंद गेले एवढाच आकडा ठेवायचा. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. विंडोजची पुढची ‘एनटीएफएस’ पद्धतही यूटीसीच ठेवते, फक्त तिची मोजणी १६०१ सालापासून आहे. या दोन पद्धतींत नोंद क्षणाची होते. तो क्षण कोणत्या गावच्या वेळेत दाखवायचा हे पाहणाऱ्याचे मशीन ठरवते.

यात नुकसान कुठे होते ते पाहू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये इथे ऑफिस थाटले आणि उपग्रहामार्फत काम अमेरिकेला जाऊ लागले. तेव्हापासून हे शहर दुसऱ्यांच्या घड्याळांसोबत काम करते आहे. समजा, उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळी दहाला एकाने कोडमधली चूक दुरुस्त केली आणि झिप करून इथे पाठवली. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. झिपच्या जुन्या नोंदीतही डॉससारखी स्थानिक वेळच असते, त्यामुळे इथे उघडलेली फाइल ‘सकाळी १०’ असेच सांगते. आता स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्रॅम पुढे येतो. मूळ फाइल तयार मालापेक्षा नवी असेल तरच तो माल पुन्हा बनवतो. इथला माल दुपारी चारला बनलेला. ‘मेक’च्या मते काहीच बदललेले नाही! दुरुस्ती फायलीत आहे, प्रोग्रॅममध्ये नाही, आणि चूक तशीच गिऱ्हाइकाकडे जाते. हिवाळ्यात हाच फरक साडेबारावरून साडेतेरा तासांवर जातो. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्यातला दीड कोणता, हे फॅटची नोंद कधीच सांगू शकत नाही.

म्हणून फायलीवर यूटीसीच हवी, असे बहुतेक अभियंते म्हणतात, आणि ‘मेक’पुरते ते पूर्ण बरोबर आहे. पण माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे: क्षणासोबत स्थळही लिहा. पुण्यात सकाळी नऊला काढलेल्या बारशाच्या फोटोची वेळ न्यू जर्सीतल्या आजीच्या मशीनवर उन्हाळ्यात आदल्या रात्रीची साडेअकरा दिसते. क्षण अचूक आहे, पण बारशाची तारीख गेली. आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे जे घडते, ते सगळे यूटीसीत आदल्या दिवसाच्या खात्यात पडते. पोलीस तपासात किंवा कोर्टात तारखेचा हा घोळ फार महाग पडू शकतो. ‘एक्सफॅट’ पद्धतीत यासाठी यूटीसीपासूनचा फरक लिहायची जागा आहे, पाव-पाव तासाच्या टप्प्यांनी: आपले बावीस टप्पे, नेपाळचे तेवीस. फोटोच्या ‘एक्झिफ’ नोंदीत अशी जागा व्हायला मात्र २०१६ उजाडावे लागले. इतकी साधी गरज इतकी वर्षे दुर्लक्षित राहिली, याचे मला वाईट वाटते.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले. चांगलेच झाले. मात्र घड्याळ जुळले तरी लॉगमधली वेळ यूटीसी की भारतीय, हे ओळीत लिहिलेले नसेल तर वाचणारा अंदाजच करणार.

आपल्याच इतिहासातला एक भाग तर कॉम्प्युटरला ठाऊकच नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९५०च्या दशकापर्यंत शहरात टिकली. रेल्वे एका वेळेवर, पालिका दुसऱ्या. जगभरचे कॉम्प्युटर टाइमझोनची जी यादी वापरतात, ती १९७० पासून घड्याळे जुळलेल्या गावांना सहसा वेगळे खाते देत नाही. त्यामुळे मुंबईही ‘एशिया/कोलकाता’तच येते. त्या खात्यात महायुद्धाच्या काळातली एक तास पुढे केलेली वेळ आहे, १९०६ पूर्वीची मद्रास वेळ आहे. मुंबई वेळ नाही. १९३० सालच्या पालिकेच्या कागदावर ‘सकाळी ११’ असे असेल आणि तो स्कॅन करून कोणी ती वेळ मशीनला दिली, तर मशीन ती निमूटपणे प्रमाणवेळ धरेल. मुंबईची जुनी दफ्तरे आज स्कॅन करणाऱ्यांना माझी विनंती आहे की फायलीच्या तारखेवर विसंबू नका. सोबतच्या नोंदीत एक रकाना वाढवा आणि त्यात लिहा: मूळ वेळ, आणि ती मुंबई वेळ की प्रमाणवेळ. कागदावरून ते कळत नसेल तर ‘अनिश्चित’ असे लिहा. रकाना रिकामा सोडू नका.