काशीतील एक वर्गचित्र



काशीचा अहिल्याबाई घाट पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव धारण करून आहे. त्यांच्या हयातीतच, 1791 मध्ये, जोनाथन डंकन यांच्या प्रयत्नाने त्या नगरीत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. तिचेच पुढे राज्य विद्यापीठ झाले. आज ते संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते.

या पाठशाळेच्या अध्यापकांपैकी बापूदेव शास्त्री यांचे शिष्यांसह घेतलेले, 1870 च्या सुमाराचे छायाचित्र उपलब्ध आहे. बापूदेव मूळचे परांजपे. जन्म 1821 चा. प्राथमिक शिक्षण नागपुरात, मराठी शाळेत. विशीतच ते काशीस ज्योतिषाचे अध्यापक झाले. त्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर 1861 मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले.

गुरूंची ओळख ग्रंथांनी राखली. भोवती बसलेल्या शिष्यांपैकी कोणी पुढे पंचांगकर्ता झाला असेल, कोणी शिक्षक. पण केवळ चित्र पाहून ते कळत नाही. नोंद नसली की चेहरा उरतो आणि माणूस हरवतो.

आपल्या शाळेच्या साठ वर्षांतील वर्गचित्रे घरोघरी आहेत आणि त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून शिक्षकांची, शिपाईमामांची आणि मागच्या रांगेतील मुलांचीही नावे, डावीकडून क्रमाने, सालासह लिहून घ्यावीत. हीरकमहोत्सवी वर्षात एवढे काम झाले, तर पुढील पिढीच्या हाती नुसती चित्रे नव्हे, शाळेचा इतिहास पडेल.